अर्धा किलो ऊद

दुबई,
रथसप्तमीची आदली रात्र

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र बाबाच वाचून दाखवणार हे धरून लिहिते आहे. बाबा, सावकाश वाचा, आणि कंसातलं मनातल्या मनात. आजी, रोज फोनवर तोंड दिसत असताना कागद कशाला काळा केला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं अर्धं मनाने भरतेस. आजची गोष्ट तशी भरलीस तर पेठेत भलतंच पसरेल. शिवाय पिशवीतल्या कुठल्या पुडीचं काय करायचं, हे लिहून दिलेलं बरं. ऑफिसातले एक जण सोमवारी पुण्याला निघालेत. दादा त्यांच्याकडून पिशवी घेईल आणि मिरजेला येताना आणेल.

गेल्या पंधरवड्यात तू मला तीनदा सांगितलंस, "ठमे, तिकडचा ऊद नामी असतो म्हणतात. अर्धा किलो आण. बाळाच्या धुरीला होईल, देवाला होईल, वर्ष निघेल." मी तीनदा हो म्हटलं. इथे अर्धा किलो ऊद मागणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं आणि तीन वर्षं इथे राहून मलाही नव्हतं. ते आज कळलं.

सकाळी उशिरानेच निघाले. मेट्रोने गेले असते तर अल रास स्टेशनवर, बाजाराच्या तोंडाशीच उतरले असते. पण जानेवारीत इथली हवा अशी असते की भुयारातून जायचं जिवावर येतं. म्हणून बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा घेतली. अब्रा म्हणजे लाकडी होडी. वर छप्पर, मधोमध लांब बाक, आणि माणसं पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. वीसेक डोकी झाली की सुटते. भाडं एक दिर्हम, ते नाणं नावाड्याच्या हातावर ठेवायचं. कृष्णाघाटावर नावेत बसताना तू पदराची गाठ सोडून पैसे काढायचीस, ते आठवलं. पाच मिनिटांत पलीकडे देरा. तिथल्या काठाला मोठी लाकडी गलबतं रांगेने उभी असतात आणि धक्क्यावर फ्रिज, टायर, खोक्यांचे ढीग. हा बराचसा माल इराणला जातो. उतरलं की आधी मसाल्यांचा बाजार, मग सोन्याचा, आणि सोन्याचा ओलांडून पूर्वेला गेलं की अत्तरांचा. रस्त्याचं नाव सिक्कत अल खैल. सिक्का म्हणजे गल्ली, खैल म्हणजे घोडे. तू घोडेगल्ली म्हण.

वाटेत 'मॅडम, कॉपी पर्स, कॉपी घड्याळ' म्हणत मागे लागणारी पोरं भेटतातच. त्यांच्याकडे बघायचं नाही, बघितलं की संपलं.

दर्ग्याच्या वाटेवरची अत्तराची दुकानं डोळ्यांपुढे ठेवून मी गेले होते. तसं काही नाही. छप्पर घातलेला जुना बाजार असेल असं वाटलं होतं, तोही नाही. साधा रस्ता, दोन्ही बाजूंना काचेची दुकानं, आत छतापर्यंत बाटल्या. पण वास मात्र रस्ता ओलांडायच्या आधीच येतो. जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या दारात धुपाटणं ठेवलेलं असतं, चौकोनी, चार पायांचं, वर पसरत गेलेलं. त्याला इथे मबखरा म्हणतात. त्यातून निळसर धूर निघत असतो आणि एका दुकानाचा धूर दुसऱ्याच्या दारात शिरतो. दहा पावलं चालले आणि नाकाने हात टेकले. नंतर नुसतंच गोड, कडू, गोड, कडू.

बऱ्यापैकी गर्दी होती अशा एका दुकानात शिरले. काउंटरवरच्या माणसाला हिंदीत म्हटलं, "ऊद हवाय." तो म्हणाला, "किती?" मी तुझी आज्ञा सांगितली. "अर्धा किलो."

आजी, तो एकदम गप्प झाला. मग त्याने काउंटरच्या बाहेर येऊन मला खुर्ची दिली. दुसऱ्याला खूण केली. त्याने छोट्या पेल्यात वेलदोड्याचा गहवा आणला, सोबत खजूर. इथला गहवा म्हणजे फिकट रंगाची, दूध-साखर न घातलेली कॉफी. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, काय अगत्यशील माणसं आहेत! मग त्याने कुलपातून एक काचेची पेटी काढली. आत काळपट-तपकिरी लाकडाच्या ढलप्या, खडबडीत, वाळवीने खाल्ल्यासारख्या. म्हणाला, "मॅडम, हा चांगला आहे. याच्या वरचाही आहे, पण हा पंचेचाळीस."

मी म्हटलं, "पंचेचाळीस दिर्हम किलो?"

"ग्रॅम."

मी तोंडी हिशेब केला, मग फोनवर केला. अर्ध्या किलोचे बावीस हजार पाचशे दिर्हम, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या घरात. खजूर तोंडातच राहिला.

(बाबा, इथे आजीला पाणी द्या.)

मी खरं काय ते सांगून टाकलं. आजीने मागवलाय, बाळाच्या धुरीला, आमच्याकडे ऊद म्हणजे किराणा दुकानात पुडीत मिळतो, खड्यासारखा असतो, निखाऱ्यावर टाकला की पांढरा धूर. तो माणूस हसला, पण खुर्ची काढून घेतली नाही. आसामातल्या होजाईचा निघाला. तिथली कितीतरी घरं ह्याच धंद्यात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या आखाती देशांशी त्यांचा व्यवहार आहे. गिऱ्हाइकी थोडी निवल्यावर त्याने मला सगळं समजावून सांगितलं.

इथे ऊद म्हणतात ते लाकूड, म्हणजे आपल्याकडचं अगर. पूजेच्या यादीत 'अगरू' लिहिलेलं असतं ना, तेच. आसामात त्या झाडाला साची म्हणतात. त्यांच्या जुन्या पोथ्या ह्याच झाडाच्या सालीवर लिहिलेल्या असतात. झाड निरोगी असेल तर लाकूड पांढरट आणि बिनवासाचं, जळणाच्या लायकीचं. पण खोडात कीड भोक पाडते, त्या वाटेने बुरशी शिरते, आणि झाड त्या जागी गडद राळ भरायला लागतं. वर्षानुवर्षं. तेवढाच भाग कोरून काढतात आणि तोच हा. राळ जितकी जास्त, लाकूड तितकं जड. खरा भरलेला तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. हल्ली लागवड करतात आणि मुद्दाम खोडाला जखमा करून कीड-बुरशीची वाट बघतात, कारण रानातली झाडं तोडून तोडून संपत आलीत. १९९५ पासून ह्या आसामी जातीच्या झाडाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय परवान्यांचं बंधन आहे. जखमेतून सुगंध येतो, यावर आपले कीर्तनकारबुवा अर्धा तास सहज बोलले असते. मी मात्र पंचेचाळीस गुणिले पाचशे यातच अडकले होते.

पण एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. अरबीत 'ऊद' ह्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता काठी, लाकूड. त्यांचं एक तंतुवाद्य आहे, भोपळा उभा चिरल्यासारखं, त्यालाही ऊदच म्हणतात. (आपल्या सतारमेकर गल्लीत सांगा कुणाला तरी.) म्हणजे बघ, आपण रोज लावतो ती उदबत्ती ऊदावरून, आणि अगरबत्ती अगरावरून. एक नाव अरबांकडून आलं, एक आपलं जुनं, आणि दोन्ही एकाच झाडाची. आता त्या काडीत ना ऊद उरला ना अगर, बांबू आणि भुसा उरला, पण नाव टिकून आहे. आणि तू ज्याला ऊद म्हणतेस तो तर लाकूडच नव्हे, तो कुठल्या तरी झाडाचा चीक. मग तुझा ऊद कोणता? हे त्या होजाईच्या माणसाला सांगता येईना. तो म्हणाला, मसाल्याच्या बाजारात विचारा, तिथे कुणी तुमच्या बाजूचा भेटेल.

निघण्याआधी त्याने माझ्या मनगटावर काचेच्या काडीने तेलाचा एक थेंब लावला. देहन अल ऊद, ऊदाचं तेल. तेही 'हिंदी', म्हणजे आसामी. इथे सगळ्यात मानाचा तो हिंदी, मग कंबोडी वगैरे. मी हुंगलं आणि मान मागे घेतली. आजी, गोठा! शेण, ओली वैरण, म्हशीचं अंग, सगळं. आपल्या जुन्या वाड्याच्या मागचा पावसाळ्यातला गोठा जसा होता तसाच. तो म्हणाला, "सगळ्यांना आधी असंच होतं. तेल काढायच्या आधी लाकडाचा भुगा कित्येक दिवस पाण्यात भिजत, आंबत ठेवतात, त्याचा हा वास. आता हात धुऊ नका, संध्याकाळी बघा." मी हात धुतला नाही, पण अब्रात शेजारी बसणाऱ्याची काळजी वाटली.

ह्या तेलाचा भाव तोळ्यावर असतो. तुझा-माझा तोळा, अकरा ग्रॅम आणि सहासष्ट सेंटिग्रॅम. बाटल्यासुद्धा एक तोळा, अर्धा तोळा, पाव तोळा अशा. पाव तोळा म्हणजे तीनेक मिलिलिटरची, करंगळीएवढी. आणि मजा बघ, शेजारच्याच गल्लीत, सोन्याच्या बाजारात, बांगड्या-हारांचा भाव ग्रॅमवर! सोनं ग्रॅमवर आणि अत्तर तोळ्यावर. आपल्याकडे कधीकाळी सोन्याला जे माप होतं ते इथे येऊन वासाला चिकटून बसलंय. हिंदी तेलाचा तोळा त्याने बाराशे दिर्हम सांगितला. मी बाटली परत त्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

त्याच दुकानात एक म्हातारी बसली होती, इथलीच, ऐंशीच्या घरातली असावी. काळा अबाया आणि चेहऱ्यावर सोनेरी चमकणारा कापडी मुखवटा, जुन्या बायका अजून वापरतात, त्याला बतूला म्हणतात. आमचं सगळं बोलणं ती ऐकत होती. एकदम स्वच्छ हिंदीत म्हणाली, "बेटी, नाक में नहीं, कपड़े में लेना." आणि उठून मला शिकवायला लागली. निखाऱ्यावर ऊदाची चिमुकली ढलपी ठेवली. आधी काहीच नाही. मग ढलपी कडेने पाझरायला लागली, बुडबुडे आले, आणि धूर. तिने माझी ओढणी दोन्ही हातांनी धुपाटण्यावर तंबूसारखी धरली, धूर आत कोंडला, मग झटकली नाही, तशीच माझ्या खांद्यावर टाकली. मग माझे केस मोकळे करायला लावून धूर केसांतून फिरवला.

मी तिथे उभी होते आणि मला आपलं न्हाणीघर दिसत होतं. आईला मी झाले तेव्हाचं मला आठवायचं कारण नाही, पण आत्याच्या बाळंतपणातलं आठवतं. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा, वावडिंग, लसणाची सालं आणि ऊद, आणि तू आत्याचे ओले केस विस्कटून धुरावर धरते आहेस. हातांची तीच ठेवण, तंबूसारखी. पदार्थ वेगळा, हात सारखे.

मी विचारलं, तुम्ही हिंदी कुठे शिकलात? म्हणाली, शिकायला कशाला हवं, व्यापारी तिकडचेच, सिनेमे तिकडचे, आणि आमच्या लहानपणी इथे रुपयाच चालायचा. हे खरं आहे, बाबांना ठाऊक असेल. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि दुबईत त्या १९६६ पर्यंत चालल्या. त्या वर्षी आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्यांनी रुपया सोडला. दिर्हम आला तो १९७३ मध्ये. म्हातारीला साल-बिल ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, रुपया गेला, तोळा राहिला.

निघताना तिने आणखी एक सांगितलं. इथे पाहुणे आले, जेवणखाण झालं, गहवा झाला की शेवटी ऊद फिरवतात, प्रत्येकाच्या पुढे धुपाटणं धरतात. आणि ऊद फिरला की पाहुण्याने उठायचं. त्यांची म्हणच आहे की ऊदानंतर बैठक नाही. त्यांच्या बोलीत ते यमकात आहे. मी म्हटलं, आमच्याकडेही अत्तर-गुलाब झालं की बायका उठतात. मग तिला सगळं सांगावं लागलं, चांदीची अत्तरदाणी, मनगटावर अत्तर, गुलाबदाणीने पाणी शिंपडणं, ओटी, वाण. उद्या रथसप्तमी, आपल्याकडचं शेवटचं हळदीकुंकू उद्याच असेल ना? ह्या वर्षी वाण काय लुटलंत ते कळवा. प्लॅस्टिकचे डबे असतील तर कळवू नका.

अंबरही बघितलं. राखाडी, मेणचट, दगडासारखा तुकडा, एका डबीत कापसावर. देवमाशाच्या पोटातून निघतो तोच. कोकणात 'देवमाशाच्या उलटी'साठी माणसं पकडल्याच्या बातम्या बाबा वाचून दाखवतात, तो हा. आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली त्याला बंदी आहे, म्हणून मी लांबूनच नमस्कार केला. ताइफचा गुलाब मात्र हुंगला. ताइफ हे सौदीतलं डोंगरावरचं गाव. तिथे वसंतात काही आठवडेच फुलं येतात आणि ती पहाटे ऊन चढायच्या आत खुडतात. वास म्हणशील तर आपल्या गुलकंदाच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा, पण वर थोडा लिंबू पिळलेला. भाव विचारला नाही. एका दिवसात किती वेळा खजूर घशात अडकवून घ्यायचा!

एका दुकानाबद्दल मात्र चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. तिथल्या पोराने मला 'खास कनौजचा हिना, चंदनाच्या तेलावर ओढलेला' म्हणून एक बाटली दाखवली. कनौजला अजून तांब्याच्या देगीत, खाली लाकूड-गोवऱ्या जाळून अत्तर काढतात. फुलाची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे चंदनाच्या तेलात मुरते. पण चंदन इतकं महागलंय की बरेच जण आता पॅराफिनसारख्या तेलावर भागवतात. त्या पोराच्या बाटलीतलं मी हातावर चोळलं आणि पाच मिनिटांत उडून गेलं, मागे नुसता चिकट हात. बाबा थंडीत कानात हिनाचा फाया ठेवतात, तो घरी आंघोळीपर्यंत टिकतो. दर्ग्याजवळच्या त्या दुकानदाराला माझा सलाम सांगा, तो फसवत नाही.

मग मी उलटी फिरले, मसाल्यांच्या बाजारात. अरुंद गल्ल्या, पोती उघडी, केशर, वाळवलेली लिंबं, गुलाबाच्या कळ्या. तिथे एका दुकानात मी पुन्हा माझी कहाणी सुरू केली, यावेळी हुशारीने 'अर्धा किलो' हा शब्द गाळून. आतून एक मोठे गृहस्थ बाहेर आले आणि मराठीत म्हणाले, "ताई, तुमच्या आजीला लाकूड नकोय. तिला जावी हवाय." रायगडातल्या म्हसळ्याचे. घरात कोकणी बोलतात, इथे चाळीस वर्षं झाली. आजी, इतक्या दिवसांनी कुणी परक्याने 'ताई' म्हटलं की घसा कसा होतो ते तुला नाही कळायचं.

त्यांनी डबा उघडला. आत तपकिरी-पांढुरके खडे, चिक्कीच्या तुकड्यासारखे, आत बदामाच्या फोडी दिसाव्यात तसे. जावी म्हणजे जावाचा. अरब व्यापाऱ्यांनी त्याला 'लुबान जावी' म्हटलं, जावाचा लोबान, आणि येतो मुख्यतः शेजारच्या सुमात्रा बेटावरून. खोडाला चीर पाडतात आणि वाळलेला चीक खरवडून घेतात. बाजूच्या पोत्यात ओमानचा लोबान होता, हिरवट पांढरा, गोठलेल्या थेंबांसारखा. ते म्हणाले, हा आपल्या सालईचा भाऊ. आपल्या सातपुड्यात सालईची झाडं असतात, त्यांचाही डिंक असाच धूप म्हणून जाळतात. आपल्याकडे मात्र जावी, लोबान, धूप सगळ्यांचा काला होऊन ज्याच्या त्याच्या घरी त्याला ऊद म्हणतात.

माझा विश्वास बसेना म्हणून त्यांनी निखाऱ्यावर एक खडा टाकला. खडा आधी फुगला, मग वितळला, आणि पांढरा दाट धूर सरळ वर गेला.

तोच. आजी, तोच तो. थोडा गोड, दुधाळ, आणि शेवटी घशात जरा खवखव. शुक्रवारी संध्याकाळी तू धुपाटणं घेऊन माजघरातून पडवीपर्यंत फिरायचीस, कपाटांमागे, पलंगाखाली, कोठीच्या खोलीत, आणि आम्ही मुलं मागून खोकत खोकत. गुरुवारी दर्ग्यावरून यायचा तोही हाच, फक्त लांबून आलेला. मी साडेपाच लाखांचा ऊद हुंगून आले होते, तो सुरेख होता, खोटं कशाला बोलू. पण त्याने मला कुठे नेलं नाही. ह्या खड्याने एका क्षणात कोठीच्या खोलीत नेऊन बसवलं, तेलाच्या डब्यांच्या मागे. त्या काकांनी मला पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून मुद्दाम वेळ काढला.

अर्धा किलो घेतला. जेवढे पैसे पडले तेवढ्यात त्या दुसऱ्या ऊदाचा जेमतेम एक ग्रॅम आला असता. तेव्हा तुझी आज्ञा मी अक्षरशः पाळली आहे.

आता पिशवीचं. मोठी पिवळी पुडी म्हणजे हा जावी, तुझा ऊद. डबा कोरडा ठेव, नाहीतर खडे एकमेकांना धरतात. तांबड्या चिंधीत बांधलेली छोटी डबी आहे ना, ती जपून उघड, त्यात तीन ग्रॅम खरा ऊद आहे, अगर. हो, घेतला. तीन ग्रॅमचे एकशेपस्तीस म्हणाला होता, शंभराला दिला, आणि मला वाटतं अर्धा किलोवालीची दया येऊन दिला. मोजून अकरा चिटुकले तुकडे आहेत. एका वेळी एकच, तोही लाल निखाऱ्यावर नाही, राख चढू दे आणि मग ठेव, नाहीतर नुसता जळका वास येतो. पहिला तुकडा उद्याच्या हळदीकुंकवाला पोचणार नाही, तर गुढीपाडव्याला लाव. बाबांसाठी पाव तोळा मुखल्लत आहे, म्हणजे मिश्रण, ऊद, गुलाब, केशर असं काहीबाही. कानात फाया ठेवून बघा आणि हिनापेक्षा बरं की वाईट ते खरं खरं कळवा. आईला गुलाबाच्या कळ्या, चहात घालायला.

आणि धुपाटणं. देहन परवडलं नाही, ऊद परवडला नाही, तेव्हा म्हणीप्रमाणे हाती धुपाटणं आलं. मातीचं आहे, वर रंगीत नक्षी, आत पत्र्याची वाटी. आपल्या पितळी धुपाटण्याला दांडा असतो तसा याला नाही. तापल्यावर बुडाला हात लावू नकोस, चार पायांवरच राहू दे.

एक विनंती. ही धुरी बाळाच्या खोलीत नको. देवघरात कर, माजघरात कर, सगळ्या घरातून फिरव, फक्त त्या खोलीचं दार लावून घे. इथले डॉक्टरही हेच सांगतात की तान्ह्याच्या छातीला कसलाच धूर चांगला नाही, मग तो पंचेचाळीस दिर्हम ग्रॅमचा का असेना. वहिनी मला काहीही बोललेली नाही, हे माझं मीच लिहिते आहे. (बाबा, वहिनीने दोनदा फोन केला होता. हे वाचलं तर बघा.) बाळाचं दुपटं हवं तर दुसऱ्या खोलीत धुरावर धर आणि हवेत झटकून मग घाल. ती म्हातारी झटकू नको म्हणाली होती, पण तिच्यापुढे बाळ नव्हतं.

रात्रीचे साडेअकरा झालेत. खोलीतली मैत्रीण, त्रिशूरची आहे, आल्याबरोबर म्हणाली, "देवळात गेली होतीस का?" ओढणी खुर्चीच्या पाठीवर टाकली आहे आणि सगळी खोली भरलीय. मनगट आत्ता पुन्हा हुंगलं. त्या होजाईच्या माणसाचं खरं निघालं, गोठा पार गेलाय. खाली राहिलंय ते तुझ्या लाकडी पेटीतल्या शालूसारखं आहे, तोच ज्याच्या घडीत तू वाळा ठेवतेस.

आत्या, काका, सगळ्यांना नमस्कार. बाळाचा पापा.

तुझी,
ठमी

ता. क. बाबा, चिठ्ठी वाचून झाली की आजीला सांगा, ती साडेपाच लाखांची किंमत 'अर्ध्या किलोची' होती, 'तीन ग्रॅमची' नव्हे. ती शेजारी नक्की उलटं सांगेल.